मालगाडीचा जुना डबा बागेत शेड म्हणून वापरायचा असेल तर : नवख्यांसाठी पहिल्यापासून

मालगाडीचा जुना लाकडी डबा बागेत ठेवून त्यात अवजारं, कुंड्या, सायकली, नाहीतर सुतारकामाचं टेबल ठेवायचं ही कल्पना आता पुन्हा बऱ्याच जणांना आवडायला लागलीय आणि ती आवडण्यासारखीच आहे. पण नवीन माणूस बहुतेक वेळा डबा बघतो, रंग बघतो, भाव करतो आणि उचलून आणतो, मग दोन पावसाळ्यांत फरशी खचते, दरवाजा अडकतो, कोपरे भुसभुशीत होतात. म्हणून मी डबा आणायच्या आधीच्या गोष्टींवर जास्त लिहिणार आहे, आतल्या सजावटीवर फारसं नाही.

पहिल्यांदा एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वॅगन म्हणजे दोन भाग: खाली चाकं आणि चासी, वर पेटी. जोर सगळा चासीवर असतो. चासीची ती लांब लोखंडी किंवा लाकडी तुळई मालाचं वजन घेते, गाडी ओढली जाते तो ताण घेते, आणि वरच्या पेटीचं काम फक्त माल कोरडा ठेवायचं. डबा भंगारात निघाला की चासी आणि चाकं लोखंडाच्या भावात जातात आणि पेटी तेवढी सुटी विकली जाते. म्हणजे तुमच्या हातात येते ती कणा काढून घेतलेली पेटी. शिपिंग कंटेनर चार कोपऱ्यांवर टेकवला तरी चालतो कारण तो तसाच बनवलेला असतो, वॅगनची पेटी चार कोपऱ्यांवर ठेवली तर मधे झोळ येणार आणि झोळ नेमका दरवाजाखाली येणार, कारण दरवाजा मधोमध असतो आणि तिथे भिंतच नसते.

या प्रकाराची मोठी परंपरा ब्रिटनमध्ये आहे. 1948 साली तिथल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा सुमारे 12 लाख वॅगन सरकारी रेल्वेकडे आल्या, त्यातल्या कितीतरी जुन्या लाकडी होत्या, पुढच्या वीस-तीस वर्षांत त्या निघत गेल्या आणि बंद डब्यांच्या पेट्या शेतकऱ्यांनी धान्य, खत, कोंबड्या यांच्यासाठी विकत घेतल्या. प्रवासी डब्यांचं तर त्याच्याही आधीपासून चालू होतं, डंजनेस आणि शोरहॅमच्या समुद्रकिनाऱ्यावर लोकांनी डब्यांची घरंच केली. आज बाजारात जे येतं ते बरंचसं त्याच शेतांवरून दुसऱ्यांदा निघालेलं असतं, म्हणजे तुमच्याआधी पन्नास वर्षं ते कोणाच्या तरी मातीवर बसलेलं असतं, आणि तपासताना हे लक्षात ठेवायचं.

कोणता डबा घ्यायचा

बंद डबा, म्हणजे छत असलेली व्हॅन, हाच नवख्याने घ्यावा. ब्रिटिश रेल्वेची नेहमीची 12 टनी (म्हणजे 12 टन माल नेणारी) व्हॅन साधारण 17 फूट 6 इंच लांब आणि 8 फुटांच्या आसपास रुंद असते, म्हणजे मीटरमध्ये 5.3 बाय 2.4, बागेसाठी हे माप खरंच छान बसतं. त्याहून जुन्या व्हॅन बहुतेक 16 फुटी. भिंती उभ्या किंवा आडव्या फळ्यांच्या नाहीतर प्लायवुडच्या, टोकाच्या भिंती कधीकधी नागमोडी पत्र्याच्या असतात. प्लायवुडवाली स्वस्त मिळते पण प्लायचे थर एकदा सुटायला लागले की ती फळीसारखी जोडता येत नाही, अख्खा तुकडा बदलावा लागतो, म्हणून पर्याय असेल तर मी फळ्यांचीच घ्या म्हणेन.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेने 1886 पासून लोखंडी पत्र्याच्या व्हॅन बनवल्या, त्यांना आयर्न मिंक म्हणतात. दिसायला देखण्या, पण उन्हात तापतात आणि थंडीत आतून घामेजतात, त्यात बियाणं किंवा कागद ठेवायचा विचार असेल तर नको.

अजून एक प्रकार शोधून बघण्यासारखा आहे, रेल्वेचे जुने लाकडी कंटेनर. हे वॅगनवरून क्रेनने उचलून लॉरीवर ठेवायला बनवलेले, त्यामुळे त्यांचा तळ स्वतःचा भार स्वतः घेतो आणि वर उचलायच्या कड्या असतात. आकार लहान पण पहिल्या कामासाठी ह्याच्यापेक्षा सोपं काही नाही, फक्त त्या जुन्या कड्यांवर विसंबून उचलू नका, पट्टे तळाखालूनच घाला.

टाकीवाली वॅगन कोणी कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नका. आत काय होतं ते कळत नाही आणि उरलेल्या वाफेत कटर चालवला तर स्फोट होतो.

बघायला जाल तेव्हा

टोच्या, टॉर्च, टेप, गुण्या आणि जुने कपडे एवढं घेऊन जा. रंग बघू नका, लाकूड टोचा. टोच्या कुठे घालायचा तर कोपऱ्यांच्या खांबांचा तळ, दरवाजाच्या दोन्ही बाजूंच्या खांबांचा तळ, भिंतीच्या सगळ्यात खालच्या फळीची आतली बाजू, आणि छत जिथे भिंतीला मिळतं ती कड. चांगलं लाकूड टोच्याला जेमतेम दोनतीन मिलिमीटर जागा देतं. कुजलेल्यात तो लोण्यात गेल्यासारखा जातो. सांगाडा बऱ्याचदा ओकचा असतो, वरून काळा पडलेला दिसला तरी आत ठणठणीत असू शकतो, उलट नवा रंग मारलेली फळी आतून पोकळ निघते.

मग आत जाऊन दरवाजा लावा आणि अंधारात पाच मिनिटं उभे राहा. छतातून उजेड कुठे येतो ते दिसेल. भोक दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, छत तसंही नवीन करायचंच आहे, पण त्या भोकाखाली फरशीवर काळा डाग असेल तर तिथे टोच्या घाला.

दरवाजाच्या चौकटीचे कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत दोनतीन सेंटीमीटरचा फरक असेल तर चालतं, जॅकने सरळ होतं, त्याहून बराच जास्त असेल तर पेटी मुरगळलेली आहे आणि सुताराचं मोठं काम आहे असं समजा.

आतल्या बाजूला तिरप्या लोखंडी पट्ट्या असतात, त्या पेटीला चौकोनात धरून ठेवतात. मधल्या मालकाने त्या कापून फेकल्या असतील तर भाव पाडून मागा.

आता आरोग्याचं, इथे घाई नको. 1960 च्या आधीचा रंग असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला, लोखंडाखालचा केशरी प्रायमर तर हमखास शिशाचा. छताचं कॅनव्हास शिशाच्या पांढऱ्या लेपात बसवायची पद्धत होती. गार्डची व्हॅन असेल तर शेगडीच्या मागे, आणि थंड ठेवायच्या इन्सुलेटेड व्हॅनच्या भिंतींमध्ये ॲस्बेस्टॉसची शंका घ्यायची आणि नमुना प्रयोगशाळेत दिल्याशिवाय हात लावायचा नाही, 1950-60 च्या काळात प्रवासी डब्यांमध्ये तर निळं ॲस्बेस्टॉस फवारलं जायचं. आणि विकणाऱ्याला सरळ विचारा की ह्यात काय ठेवत होता. फवारणीची औषधं ठेवली असतील तर ती लाकडात मुरतात, अशा डब्यात कोंबड्या किंवा मुलांची खेळायची जागा करू नका.

नंबर शोधा. दरवाजाजवळच्या किंवा टोकाच्या फळ्यांवर, रंगाच्या थराखाली, कधी सांगाड्याच्या लाकडात कोरलेला मिळतो. हे नुसतं हौसेसाठी नाही, काही प्रकारच्या वॅगनचा एकही नमुना कुठल्या संग्रहालयात नाही आणि तुमच्या हातात तोच असू शकतो. वेल्समधल्या टालिलिन रेल्वेवर आज जो कॉरिस रेल्वेचा जुना डबा धावतो त्याची पेटी इंग्लंडमधल्या गोबोवेन गावच्या एका बागेतच होती. आइल ऑफ वाइट स्टीम रेल्वेनेही सुट्टीतल्या झोपड्या म्हणून वापरलेल्या पेट्या परत रुळावर आणल्यात. म्हणून नंबर सापडला तर फोटो काढा, एखाद्या हेरिटेज रेल्वेला (जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या संस्थेला) दाखवा, आणि तोवर काही कापू नका.

परवानगी

प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, स्थानिक कौन्सिलला विचाराच. इंग्लंडचं सांगतो कारण तिथे एक आकडा लोकांना हमखास नडतो. घराच्या आवारातली साधी शेड परवानगीशिवाय चालते, पण ती हद्दीपासून 2 मीटरच्या आत असेल तर एकूण उंची 2.5 मीटरच्या वर नको. व्हॅनची पेटी साधारण 2.4 मीटर उंच, खाली पाय दिले की 2.5 ओलांडलेच. म्हणून हद्दीपासून 2 मीटर सोडूनच जागा आखा. घराच्या दर्शनी बाजूसमोर ठेवता येत नाही, आणि घर वारसा यादीत असेल तर आधी अर्ज करावाच लागतो.

जागा आणि पाया

जागा निवडताना डबा कुठे छान दिसेल याच्या आधी तो आणणारी क्रेनवाली लॉरी कुठे उभी राहील ते बघा. वर वायर आहे का, झाडाची फांदी आहे का, उचलताना लॉरी जमिनीवर जे पाय टेकवते त्यांच्याखाली सेप्टिक टाकी किंवा ड्रेनेजचा पाईप तर नाही ना. सखल जागा नको, पाणी साठतं. झाडाखाली नको, पानं छतावर कुजतात आणि भिंत कधी वाळत नाही. दरवाजा सरकता असेल तर तो सरकायला बाजूला अर्धी भिंत मोकळी लागते, उघडणारा असेल तर समोर जागा लागते.

पायाची गणितं घाबरण्यासारखी नाहीत. रिकामी पेटी दोन ते तीन टनांच्या घरात, आत सामान भरलं की पाच टन धरा. दहा टेकू दिले तर प्रत्येकावर अर्धा टन. टेकूखाली 45 बाय 45 सेंटीमीटरची काँक्रीटची लादी ठेवली तर तिचं क्षेत्रफळ 0.2 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला अडीच टन, घट्ट जमीन हे आरामात घेते. फक्त वरची काळी भुसभुशीत माती काढून टाका, खडी घाला, ठोकून बसवा आणि मग लादी. सगळी जागा काँक्रीट करायची गरज नाही, उलट अख्ख्या स्लॅबवर पेटी टेकवली तर खाली पाणी अडकतं आणि तळ कुजतो.

टेकू कुठे द्यायचे हे खरं महत्त्वाचं. चार कोपरे, दोन्ही बाजूंच्या दरवाजांच्या चारही खांबांच्या बरोबर खाली, आणि मधल्या रेषेत दोन, हे झाले दहा. त्यांच्यावर पेटीच्या लांबीभर तीन तुळया टाका, दोन भिंतींखाली आणि एक मधोमध, लाकडी किंवा लोखंडी आय बीम, आणि पेटी ह्या तुळयांवर बसवा. गेलेला कणा तुम्ही परत देताय. टेकू आणि तुळईच्या मधे ओल अडवणारी शीट घाला. जमिनीपासून तुळईच्या तळापर्यंत किमान 15 सेंटीमीटर मोकळं ठेवा, 20-25 असेल तर अजून बरं, वारा आरपार गेला पाहिजे आणि तुमचा हात आत जाऊन पाला काढता आला पाहिजे. जुने रेल्वे स्लीपर टेकू म्हणून लोक वापरतात, रेल्वेचं रेल्वेला शोभतं हे खरं, पण त्यात क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल, मुरलेलं असतं, भाजीच्या वाफ्याजवळ आणि जिथे मुलं बसतील तिथे नको.

सगळे टेकू एका पातळीत आणायला पाण्याची पारदर्शक नळी वापरा, पाच मीटरवर लहान पाणसळ फसवते.

आणायचा दिवस

उचलायच्या आधी पेटी आवळून घ्या. दरवाजे बंद करून बाहेरून आडव्या पट्ट्या स्क्रूने मारा, आत दरवाजाच्या चौकटीत दोन तिरप्या फळ्या फुलीसारख्या ठोका. सुटे पत्रे, बिजागऱ्या, आतलं सामान सगळं काढा.

क्रेनवाल्याला पेटीचं वजन, आणि लॉरीवरच्या क्रेनच्या खांबापासून पायाच्या मध्यापर्यंतचं अंतर हे दोन्ही सांगा. नुसतं "तीन टन उचलेल का" असं विचारून उपयोग नाही. क्रेनची ताकद अंतराबरोबर कमी होते, 10 टन-मीटरची क्रेन 5 मीटरवर 2 टन उचलते आणि 10 मीटरवर फक्त 1 टन, म्हणजे तुमची पेटी ती घराच्या पलीकडे टाकूच शकत नाही. पट्टे तळाखालून, दरवाजाच्या खांबांच्या थोडं बाहेरच्या बाजूने घ्यायचे, आणि वर स्प्रेडर बीम, म्हणजे पट्टे एकमेकांपासून लांब धरणारा आडवा दांडा, हवाच, नाहीतर पट्टे छताच्या कडा आत दाबतात आणि पेटी वरून चेपते. कडांना लाकडाचे तुकडे लावा. उचललेल्या पेटीखाली कोणी जायचं नाही, लादी सरकवायला सुद्धा नाही, जे सरकवायचं ते पेटी बाजूला उतरवून.

2.4 मीटर रुंदी साध्या लॉरीवर बसते म्हणून रस्त्याची वेगळी परवानगी बहुधा लागत नाही. लॉरीवरची एकूण उंची मात्र मोजा आणि वाटेतले पूल आधी बघून ठेवा.

बसवल्यावर लगेच दरवाजा उघडून बघा. सहज उघडला तर पातळी बरोबर आहे. अडकला तर त्या बाजूचा टेकू जॅकने उचलून पाचर घाला, दरवाजा रंधून बारीक करू नका, दोष दरवाजाचा नसतो.

छत

बाकी कामं वर्षभर लांबली तरी हरकत नाही, छत पहिल्या महिन्यात झालं पाहिजे. छत कमानीसारखं असतं, फळ्यांवर कॅनव्हास. जुना कॅनव्हास काढताना तो ओला करून काढा, गुंडाळून बंद पिशवीत भरा, शिसं आहे हे विसरू नका. कुजलेल्या फळ्या बदला, मग एकसंध रबरी शीट चिकटवा, 5.3 मीटरला एक तुकडा मिळतो आणि जोड राहत नाही. गॅसच्या ज्योतीने चिकटवायचं डांबरी फेल्ट ह्या कोरड्या जुन्या लाकडावर मला अजिबात पसंत नाही, आग फळ्यांच्या फटीत धुमसत राहते आणि माणसं घरी गेल्यावर पेटते.

दुसरा उपाय शेतकऱ्यांचा, डब्याच्या वर वेगळा पत्र्याचा मांडव. चार-सहा खांब, वर नागमोडी पत्रा, चारही बाजूंनी अर्धा मीटर बाहेर. दिसायला डबा थोडा झाकला जातो हे खरं. पण शंभर वर्षं टिकलेल्या कितीतरी पेट्या अशाच कोणीतरी वर छप्पर घातलं म्हणून टिकल्यात, आणि असा मांडव पेटीला न लावता जमिनीवर उभा केला तर डब्याला एक खिळाही लागत नाही. उंचीचा नियम मात्र मग परत बघा.

व्हॅनला पन्हळ नसते, गाडी चालताना लागतही नव्हती. बागेत ती लावाच. नाहीतर छताचं सगळं पाणी भिंतीवरून खालच्या फळीवर उतरतं, वर जमिनीवर आपटून उडतं, आणि सगळ्यात आधी तीच फळी जाते. पन्हळीखाली पिंप ठेवलं की झाडांना पाणी.

भिंती आणि रंग

रंग खरवडायचा असेल तर ओला खरवडा, खाली जाड प्लास्टिक अंथरा, तोंडाला पी3 फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) मास्क, कपडे वेगळे धुवा. कोरडा सँडर आणि हीट गन दोन्ही नको, एक धूळ उडवतं आणि दुसरं वाफ. कपचे भाजीच्या मातीत पडू देऊ नका. नंबर किंवा जुनी अक्षरं दिसली तर तेवढा भाग तसाच सोडा.

कुजलेला तुकडा पुट्टीने भरायचा मोह होतो, पुट्टीच्या मागे ओल राहते आणि कूज आत पसरते. खराब भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरप्या जोडाने बसवा. ओकमध्ये स्टेनलेसचे स्क्रू-बोल्ट वापरा, ओकमधल्या आम्लाने साधं लोखंड खाल्लं जातं आणि भोवती काळे डाग पडतात. रंगाला जवसाच्या तेलाचा रंग उत्तम, तो आतली ओल बाहेर जाऊ देतो, प्लास्टिकसारखा पापुद्रा धरत नाही. वाळायला वेळ लागतो, पातळ थर द्या.

उजेड आणि हवा

व्हॅनला खिडकी नसते आणि नवीन माणसाचं पहिलं काम असतं भिंतीत खिडकी कापणं. थांबा. भिंतीतले उभे खांब आणि तिरप्या पट्ट्या मिळून पेटीला उभी ठेवतात, त्यातलं एक कापलं की दरवाजा अडकायला लागतो. त्यापेक्षा मधला दरवाजा दिवसा उघडा ठेवा आणि त्याच्या आतल्या बाजूला काचेची चौकट बसवा, दीड मीटर रुंद उजेड येतो, रात्री मूळ दरवाजा लावला की डबा होता तसा. खिडकी हवीच असेल तर दोन खांबांच्या मधे, पट्टी नसलेल्या जागी, आणि काढलेल्या फळ्या जपून ठेवा.

टोकाच्या भिंतींवर वायुवीजनाची टोपी असते, ती बुजवू नका, आतून बारीक जाळी मारा. तळाखाली 6 मिलिमीटरची वेल्डमेश जाळी मारली तर उंदीर येत नाहीत. भिंतींना आतून इन्सुलेशन करायचं असेल तर फळी आणि इन्सुलेशनमध्ये हवेची फट सोडा.

वीज घ्यायची असेल तर जमिनीखालून आर्मर्ड केबल आणि 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच, आणि काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच. लाकूड जाळायची शेगडी ह्या आकाराच्या लाकडी पेटीत पहिल्या वर्षी तरी नकोच.

दरवर्षीचं काम थोडंच आहे. पानगळ झाल्यावर पन्हळ साफ करा, तळाखालचा पाला ओढून काढा, बोल्ट एकदा आवळा, त्याच जुन्या जागी टोच्या घालून बघा, आणि सरकत्या दरवाजाच्या पट्टीवर थोडं ग्रीस.